होडीच्या कुशीतली धार

आज समई घासायला चिंच भिजवली आणि त्या आंबट वासाने मला लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पुनवेपाशी नेऊन सोडलं.

दर्याला नारळ देऊन सगळ्यांच्या होड्या मासेमारीला गेल्या होत्या. आमचीच तेवढी किनाऱ्याला. इंजिन सुरू केलं की तापायचं, कारण त्याला थंड ठेवणारं पाणी आतून फिरतच नव्हतं. ह्यांनी पंप बदलला, तरी तेच. शेवटी कूलरच्या तांब्याच्या नळ्या काढल्या. पावसाळ्यापूर्वी होडी वर ओढताना त्या गोड्या पाण्याने धुवायच्या राहिल्या होत्या. खारं पाणी आतच सुकून हिरवा थर धरला होता.

तसाच थर मी आदल्या दिवशी देवाच्या तांब्यावरून काढला होता. भीत भीत म्हटलं, "चिंचेच्या पाण्यात ठेवून बघू?"

मामंजी उखडले. "इंजिन काय देव्हाऱ्यातला तांब्या हाय गो?"

"करू दे तिला," सासूबाई म्हणाल्या. "नायतरी आपण बसूनच हाव."

संध्याकाळी नळ्या धुऊन बसवल्या, इंजिन सुरू केलं आणि इंजिनातून फिरलेलं पाणी जिथून बाहेर पडतं, त्या होडीच्या कुशीतल्या भोकाकडे सगळे बघत राहिलो. आधी थेंब आले, मग एक उचकी, मग जाड, मोकळी धार. मामंजींनी तिच्याखाली हात धरला. "कोमट हाय. भाजत नाय."

तेव्हा मला माझ्या चिंचेचाच तोरा होता. आता जीव निवतो तो वेगळ्याच गोष्टीने. ते इंजिन किनाऱ्यावर तापलं, भर दर्यात नाही.

अजूनही होडी धक्क्याला लागताना मी आधी ती धार बघते, मग ह्यांचं तोंड.