उलट्या बॅटरीची गाडी

गल्लीत त्याला चिठ्ठीवाला म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. गाडीच्या विजेचं काम हातात घेतलं की तो आधी प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी बांधायचा: ही कुठून आली, कुठे जाते, कशावर बसली होती. बाकीचे वायरमन तेवढ्या वेळात दोन गाड्या उरकून चहा पिऊन यायचे. गिऱ्हाईक कंटाळून विचारायचं, "अहो, हॉर्नच बसवायचाय ना?" तर हा म्हणायचा, "बसवतो की. पण उद्या काढावासा वाटला तर?" हॉर्न काढावासा कुणाला वाटतो ते देव जाणे. पण जुन्या गाड्यांचे शौकीन मात्र लांबलांबून त्याच्याकडेच यायचे, कारण चोपन्न वर्षांचा हा गृहस्थ गाडीची मूळ वायर कधी कापत नसे.

कधीच नाही, असं मात्र नाही. एकदा कापली होती.

तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, एक जुनी गाडी घेतली होती. गोल दिव्यांची, फिक्या हिरव्या रंगाची, दादाचा जीव की प्राण. दादा-वहिनीच्या लग्नाच्या वाढदिवशी दोघांना चकित करावं म्हणून धाकट्याने भरदुपारी गुपचूप तीत टेप बसवला. पक्कड घेतली, डॅशबोर्डामागचा कापडी वेष्टनातला वायरींचा जुडगा मधोमध तोडला, हव्या त्या वायरी जोडल्या आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. दहा मिनिटांचं काम. टेप झकास वाजला, फक्त त्या दिवसापासून डावा दिवा लावला की वायपर हलू लागला.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने किल्ली खिशात टाकली आणि एवढंच म्हणाला, "या गाडीला पुन्हा हात लावू नकोस." मग आठ महिने दर सुट्टीला बसून त्याने एकेक वायर स्वतः शोधून जोडली. दोन्ही घरांचं येणंजाणं राहिलं, जेवणं झाली, एकमेकांची आजारपणं काढली. गाडीचा विषय मात्र भावाभावांत परत निघाला नाही. धाकट्याने कानाला खडा लावला तो तेव्हापासून. पुढे त्याच गोष्टीसाठी त्याचं नाव झालं, पण दादा त्याच्या गॅरेजात कधी आला नाही, आणि हे त्याला रोज थोडंथोडं टोचायचं.

यंदा दादाला अर्धांगाचा झटका आला. चार महिन्यांत उजवा हात जरासा हलायला लागला, पण वाचा गेली ती गेलीच. समजायचं सगळं, तोंडातून मात्र "हं" आणि "ते... ते..." यापलीकडे काही येत नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे वहिनी त्याला आठवड्यातून दोनदा त्याच गाडीतून न्यायची. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास.

"बाई म्हणतात, गाडीत ह्यांच्या आवडीची गाणी लावा, सोबत गुणगुणू द्या," वहिनी धाकट्याला म्हणाली. "कधीकधी शब्द चालीला धरून बाहेर येतात म्हणे. मोबाइलवर लावून पाहिलं, पण त्या इंजिनापुढे मोबाइल म्हणजे डास! आणि खरं सांगू का भावजी, मलाच ती शांतता सोसत नाही. चाळीस वर्षं ह्यांच्या बडबडीला वैतागले, आता एक शब्द ऐकायला जीव तरसतो. चांगला स्टिरिओ बसवून द्या ना."

"दादाला विचारलंत?"

"तुम्ही विचारा," वहिनी म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

धाकटा दादाच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. त्याने कागदावर काढलेला नकाशा दादाच्या मांडीवर ठेवला. "एकही वायर कापणार नाही, दादा. फ्यूजच्या डबीवरची ही मूळ वायर नुसती उपसायची, मधे हा माझा छोटा तुकडा बसवायचा, आणि मूळ वायर त्याच्यावर परत खोचायची. माझा तुकडा काढला की गाडी होती तशी. डॅशबोर्डालाही भोक नाही, स्टिरिओ कप्प्यात बसेल." दादाने कागद डाव्या हाताने बराच वेळ धरला, उलटा केला, सुलटा केला. मग काठी टेकत उठला आणि जाऊन गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसला. म्हणजे कर, पण मी बघणार आहे.

रविवारी सकाळी धाकट्याने काम काढलं. ही गाडी मुलखावेगळी होती. हल्लीच्या गाड्यांत बॅटरीची उणे बाजू बॉडीला जोडलेली असते, हिच्यात अधिक बाजू बॉडीला. स्टिरिओ तर हल्लीचाच, त्याचं पत्र्याचं अंग उणे. दोघांचं अंगाला अंग लागलं की शॉर्ट. म्हणून धाकट्याने स्टिरिओची लाल वायर बॉडीच्या बोल्टाला दिली, काळी फ्यूजच्या डबीला, कप्प्याला आतून रबर लावलं आणि स्टिरिओ त्यात अलगद ठेवला. दादा डोळ्यांत तेल घालून पाहत होता. एकेक चिठ्ठी वाचत होता. एकदा त्याने बोटाने एका चिठ्ठीवर टकटक केलं. धाकट्याने पाहिलं तर खरंच, दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

साडेअकराला स्टिरिओचा दिवा लागला. धाकट्याला इतका आनंद झाला की इथेच त्याचं भान सुटलं. जुन्या बंद रेडिओमागे मूळ एरियलची वायर होती. हजार गाड्यांत केलं तसं, सवयीने, त्याने ती रेडिओतून उपसली आणि स्टिरिओच्या पाठीमागे खोचायला नेली. एरियल बॉडीवर घट्ट बसलेली, तिच्या वायरीचं बाहेरचं आवरण बॉडीशी जोडलेलं. रबर राहिलं बाजूला, वीज त्या आवरणातून सरळ बॉडीत गेली असती. स्टिरिओचा फ्यूज होता लाल वायरीवर, तो मधे आलाच नसता; आणि धाकट्याचा तुकडा बसला होता डबीतल्या फ्यूजच्या अलीकडे, म्हणजे तोही नाही. दादाने आठ महिने बसून जोडलेली कापडी वायर पेटली असती.

टोक भोकापासून चार बोटांवर होतं.

"थांब, गाढवा!"

धाकट्याचा हात जागीच थिजला. आवाज खणखणीत होता, सत्तावीस वर्षांपूर्वी जो आवाज यायला हवा होता तो. त्याने आधी एरियलकडे पाहिलं आणि आपण काय करत होतो ते त्याला कळलं. मग दादाकडे पाहिलं. दादा स्वतःच दचकला होता, डावा हात तोंडावर ठेवून बसला होता.

वहिनी हात पुसत धावत आली. "कोण बोललं? हे बोलले? काय म्हणाले?"

"मला गाढव म्हणाला," धाकटा म्हणाला आणि त्याला रडू आवरेना.

वहिनी दार धरून उभी राहिली. "अहो, परत म्हणा ना! मलाही म्हणा, काहीही म्हणा." दादाने ओठ हलवले. "ते... ते..." पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा ताठ झाल्या, चेहरा लाल झाला, आणि शब्द काही येईना. त्याने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. वहिनीला ते बघवेना.

धाकट्याने डोळे पुसले. डॅशबोर्डाखाली हात घालून त्याने फ्यूजच्या डबीवरून आपला तुकडा हळूच उपसला, मूळ वायर जागच्या जागी खोचली. स्टिरिओचा दिवा गेला. मग एरियलचं टोक उचलून, सगळ्यांना नीट दिसेल असं, त्याने ते पुन्हा स्टिरिओकडे न्यायला सुरुवात केली.

दादाने मान वर केली. उपसून लोंबणाऱ्या त्या तुकड्याकडे पाहिलं. वीज बंद आहे, आता काही जळणार नाही, हे त्याला स्वच्छ दिसलं. मग त्याने धाकट्याकडे पाहिलं, ओठ जुळवले, आणि सावकाश, एकेक अक्षर शोधत म्हणाला, "गा... ढ... वा."

"काय, दादा?" धाकट्याने विचारलं आणि टोक आणखी पुढे नेलं.