आमच्या कुत्र्याचे तीन डॉक्टर

डहाणू स्टेशनजवळचा तो जनावरांचा डॉक्टर मला पहिल्या दिवसापासून पटला नव्हता. दवाखाना त्याचा, शेजारचं मेडिकल त्याच्या मेहुण्याचं, आणि त्याने लिहून दिलेलं औषध अख्ख्या डहाणूत फक्त त्या मेहुण्याकडेच मिळायचं. आता याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मी तेव्हा डहाणू-तलासरी बसवर कंडक्टर होते. झोपेचं सोंग घेऊन तिकीट चुकवणारे पुरुष आणि दाढीमिशा फुटायला आलेल्या मुलाला अर्धं तिकीट मागणाऱ्या बाया माझ्या रोजच्या ओळखीच्या. कुठे पाणी मुरतंय ते मला माणसाच्या तोंडावरून कळतं, असा माझा पक्का समज होता.

नोटा बंद झाल्या त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. या डॉक्टरने आमच्या कुत्र्याला लस टोचली आणि पुढच्या आठवड्यात कुत्रं झोकांड्या खायला लागलं. चालताना मागचे पाय एकीकडे, पुढचे दुसरीकडे. मध्येच ओकायचं, मग कुठेतरी सावलीत पडून राहायचं. मी परत नेलं तर डॉक्टर म्हणाला, "कानात इन्फेक्शन आहे, तोल जातो." कानात बॅटरी मारायची तसदीसुद्धा घेतली नाही हो त्याने! इंजेक्शन भरलं आणि टोचलं. कसलं इंजेक्शन, विचारलं तर म्हणे, ताकदीचं. ताकद कुत्र्याला आली नाही, पण मेहुण्याच्या गल्ल्याला आली असेल.

तुम्ही म्हणाल, रस्त्यावरचं कुत्रं, त्याच्यासाठी एवढा जीव कशाला काढायचा. माझा नवराही तेच म्हणायचा. पण ते कुत्रं मी हौसेने आणलेलं नव्हतं. माझ्या सासऱ्यांना, मी त्यांना बाबा म्हणते, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जबर कावीळ झाली होती. आयुष्यभर ताडी प्यायलेला माणूस. सासूबाई जाऊन चार वर्षं झालेली, तेव्हापासून तर सकाळ-संध्याकाळ धरबंदच राहिला नव्हता. हॉस्पिटलात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे एक थेंब पोटात गेला तर घरी न्यायला लागणार नाही. बाबांनी माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. घरी आले ते नुसते ओट्यावर बसून राहायचे, हात मांडीवर, कुणाशी बोलणं नाही. मला भीती वाटली, हा रिकामा हात पुन्हा लोट्याकडे जाणार. म्हणून तलासरीच्या स्टँडवर व्यालेल्या कुत्रीचं एक काळं पिल्लू मी पिशवीत घालून माझ्याच गाडीतून घरी आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं.

लागू पडलं. बाबा त्याला आधी भरवायचे, मग स्वतः जेवायचे. त्याच्याशी गप्पा मारायचे. नाव काही ठेवलं नाही, जिभेने टक्क केलं की ते धावत यायचं. त्यामुळे कुत्रं गेलं तर म्हातारा पुन्हा प्यायला लागणार, आणि प्यायला लागला तर वर्ष काढणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी पैसा घालत होते तो बाबांवर. नवऱ्याला हे कितीदा सांगितलं, त्याच्या डोक्यात शिरलंच नाही.

आणि खरं सांगायचं तर बाबांवरही माझा विश्वास नव्हता. रोज संध्याकाळी ड्युटीवरून आले की मी त्यांचा चहा न्यायची, आणि कप देताना जरा जास्तच खाली वाकायची. त्यांच्या तोंडाचा वास घ्यायला. वास यायचा तो बडीशेपेचा. आता सोडलेला माणूस एवढी बडीशेप कशाला चघळतो? लपवायचं असल्याशिवाय? मला झोप लागायची नाही.

त्यात ते ताड. आमचं घर डहाणूहून घोलवडकडे जाताना लागतं. मागे चिकूची थोडी झाडं, आणि बांधावर तीन ताड. ते ताड एकाच ताडीवाल्याचं घर पिढ्यान् पिढ्या ताडीसाठी छेदतंय, बाबांच्या वडिलांच्या काळापासून. दिवाळीनंतर मडकी चढली की रोज सकाळी ताडीवाला उतरवलेल्या ताडीतला एक लोटा मागच्या पायरीवर ठेवतो. तो झाडमालकाचा वाटा. मी म्हटलं, बाबा, आता सांगा त्याला, वाटा नको. बाबा म्हणाले, "असं कसं? वाटा नाकारला म्हणजे झाड काढून घेतलं असं होतं. आमच्यात तसंच आहे. त्याची पोरंबाळं त्या झाडावर जगतात. मी वाटा वाडीतल्या गड्यांना देऊन टाकतो." गड्यांना! मी तेव्हाही मनात म्हटलं, बघू.

तर कुत्र्याचं काही खरं दिसेना, म्हणून नवऱ्याच्या एका मित्राच्या सांगण्यावरून मी हद्दीपलीकडे गुजरातमधल्या मोठ्या दवाखान्यात गेले. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर परदेशी कुत्र्यांचे फोटो, एकाच्या डोक्यावर तर टोपी. टेबलापाशी बसलेल्या मुलीने विचारलं, "पेरेंटचं नाव?" म्हटलं, बाप कोण ते माहीत नाही, आई तलासरीच्या स्टँडवर असते. ती बघतच राहिली. मग कळलं की पेरेंट म्हणजे मीच! माझ्या जुन्या नोटा त्यांना चालणार नव्हत्या, पण कार्डाचं मशीन मात्र तयार होतं, आणि डॉक्टरांचं तोंड दिसायच्या आधी ते माझ्यासमोर सरकवलं गेलं.

डॉक्टर गोड बोलणारा. जेवढं गोड बोलणं तेवढी मी सावध. रक्त काढलं, वजन केलं, आणि रिपोर्ट दाखवत म्हणाला, "बेन, लिवर सुजलंय. अ‍ॅडमिट करावं लागेल." किती दिवस, तर सांगता येत नाही. खर्च, तर बघू. म्हणजे माझ्या पगाराला हात घालायचा आणि किती खोल ते सांगायचं नाही! बरं, एवढ्याशा पिल्लाचं लिव्हर कशाने सुजेल? ते काय दारू पितं? मला तर वाटलं रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा आहे, त्या टोपीवाल्याचा. कागद पर्समध्ये कोंबला, कुत्रं उचललं आणि निघाले.

राहिला तलासरीचा सरकारी पशुदवाखाना. माझी गाडी रोज तलासरीला थांबायची, पण तिथे जायचं मी टाळत होते. केसपेपर इतका स्वस्त की मला त्याचाच संशय. एवढ्यात काय औषध येणार, पाणीच टोचत असतील. शेवटी एक दिवस कुत्रं माझ्याच गाडीतून नेलं, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात. तिथे सगळ्या शेळ्या, बैल, खोकणाऱ्या कोंबड्या. डोंगराकडच्या पाड्यांवरनं लोक पहाटे निघून जनावर घेऊन आलेले. डॉक्टर एका बैलाच्या तोंडात नळी घालून उभा, पायात गमबूट. मला म्हणाला, थांबा. कुत्र्याला कोण विचारतं इथे, असं म्हणत मी पाय आपटत थांबले.

नंबर आला. त्याने त्या गुजरातच्या दवाखान्याचा रिपोर्ट वाचला, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "झोकांड्या कधी खातो?"

"सकाळी. नऊ-दहाच्या पुढे."

"संध्याकाळी?"

"संध्याकाळी बरा असतो."

"पावसात होता का त्रास?"

"नाही. दिवाळीनंतर सुरू झालाय."

त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, घरात ताडी येते का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसमध्ये माझ्याशी असं कुणी बोललं असतं तर पुढच्या थांब्यावर उतरवलं असतं. म्हटलं, "डॉक्टर, कुत्रं तपासा. माझं घर तपासू नका."

तो काही रागावला नाही. "कुणीतरी याला पाजतंय, नाहीतर हा स्वतः कुठेतरी पितोय. ते थांबलं नाही तर हा जगायचा नाही. अ‍ॅडमिट करा नाहीतर मुंबईला न्या." एवढं बोलून पुढच्या शेळीला बोलावलं.

परतीच्या फेरीत मी तिकिटं फाडत होते आणि डोकं भणभणत होतं. सगळं लख्ख समजलं होतं मला. म्हातारा पितोय. रोज सकाळी मी ड्युटीवर गेले की बसतोय मागे लोटा घेऊन, आणि जोडीला कुत्र्यालाही पाजतोय. वर बडीशेप. माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवून! रडू यायला लागलं, रागाने. एका उतारूला सुट्टे परत द्यायचेच विसरले, त्याने मागे येऊन मागितले.

घरात कुणाला काही बोलले नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळी मी बाजाराला जाते म्हणून सांगितलं, पुढच्या दाराने निघाले आणि वळसा घालून न्हाणीच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. मनात तर वाक्यं जुळवून ठेवली होती. हातातला लोटा हिसकावून घ्यायचा आणि विचारायचं, कुणाच्या डोक्यावर हात ठेवला होतात?

ताडीवाला आला. पायरीवर लोटा ठेवला, "बाबा, वाटा ठेवलाय" म्हणाला आणि गेला. बाबा बाहेर आले. इकडेतिकडे बघितलं. लोटा उचलला आणि सरळ मागच्या चिकूच्या झाडापाशी गेले.

बाबांनी मान पार दुसरीकडे फिरवली. अगदी खांद्याकडे. डोळेही मिटले असावेत. आणि लांब हात करून सगळा लोटा त्यांनी चिकूच्या आळ्यात ओतला. ओतून झाल्यावरही मान वळवली नाही. तसेच, लोटा बाजूला धरून, भराभर विहिरीकडे गेले, आणि लोटा विसळत बसले. तीन-तीनदा विसळला. खिशातून बडीशेप काढून तोंडात टाकली.

आणि तेवढ्यात कुत्रं आलं. शेपटी हलवत आळ्यात उतरलं आणि लपालपा प्यायला लागलं. आमची मातीही अशी चिकट की आळ्यातलं पाणी लगेच जिरत नाही.

"बाबा!" मी ओरडले.

ते दचकून वळले. आधी मला बघितलं, मग आळ्यातल्या कुत्र्याला. काय चाललंय ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. लोटा तिथेच टाकून धावले, पडत धडपडत, कुत्र्याला बाहेर ओढलं आणि आपल्या सदऱ्याने त्याचं तोंड पुसायला लागले. पुसतच राहिले. मी आळ्यापाशी जाऊन उभी राहिले.

"गड्यांना का नाही दिलीत?" एवढंच विचारलं मी.

"गडी म्हणणार, बाबा, तुम्ही पण घ्या एक घोट. मला नाही म्हणता आलं नसतं." कुत्र्याचं तोंड पुसता पुसता म्हणाले. "वास आला तरी जीव जातो गं माझा. म्हणून तिकडे बघतच नव्हतो मी, बडीशेप चघळत राहायचो."

त्याच दिवशी आम्ही दोघं बसने तलासरीला गेलो, कुत्रं बाबांच्या मांडीवर. गमबूटवाल्या डॉक्टरने सलाईन लावलं. मला वाटलं आता मला टोमणा मारणार, पण त्याला सवड नव्हती, एक म्हैस अडली होती. पिल्लू आहे, ताडी बंद केली तर सुधारेल, म्हणाला. मी त्या वेळी पहिल्यांदा एका डॉक्टरला औषधाचं नाव विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर निघताना ऐकलं. बाबा ताडीवाल्याला बांधावरून मोठ्याने सांगत होते, शेजारच्या वाडीतही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "मी सोडलीय. मला झेपत नाही. वाटा तुझ्या घरी ने, झाड तुझंच आहे." आयुष्यभर ज्यांच्याबरोबर प्यायले त्या सगळ्यांना कळणार होतं. ताडीवाला काहीतरी पुटपुटला, मग लोटा उचलून गेला.

संध्याकाळी मी चहा घेऊन गेले. कुत्रं बाजेखाली झोपलेलं, पाय अजून थरथरत होते पण सकाळी दूध पोटात टिकलं होतं. मी वाकायच्या आत बाबांनी मान वर केली आणि माझ्या तोंडावर मोठा श्वास सोडला.

"घे. रोज घेतेस ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "आठ महिने माझं तोंड हुंगतेयस. एकदा कुत्र्याचं हुंगलं असतंस."

मला इतकं लागलं ते की कप तसाच ठेवून मी आत गेले. कुणासमोर न रडणारी बाई मी, चुलीपाशी बसून हुंदके देऊन रडले. शी, काय बाई आहे मी, असं वाटलं.

पुढच्या दिवशी चहा मी लेकीच्या हाती पाठवला. आता पुन्हा नाही वाकायचं त्यांच्यासमोर, ठरवूनच टाकलं होतं. दोन मिनिटांत लेक भरला कप तसाच घेऊन परत आली.

"आजोबा म्हणतात, आईनेच आणायचा," ती म्हणाली. "आणि म्हणतात, रोजच्यासारखी वाकायला सांग. तू संध्याकाळी हुंगणार म्हणून तर त्यांचा दिवस निघतो."

मी चहा पुन्हा गरम केला. बाहेर नेला. बाबा कुत्र्याच्या कानामागे खाजवत बसले होते, माझ्याकडे न बघताच त्यांनी हात पुढे केला. मी वाकले आणि नीट वास घेतला. बडीशेप.