एका झाकणासाठी

आमच्या स्वयंपाकघरात एक स्टीलचं पातेलं आहे, चाळीसेक वर्षांचं. बुडाला पोचा आलाय, पण दूध कधी लागत नाही. त्याचं झाकण सध्या घरात नाही. मी वर ताटली ठेवते, ती घसरते आणि फरशीवर आपटते. आपटू दे. मला त्या आवाजाची गरज आहे.

हे पातेलं मी बोहारणीकडून घेतलं, जुन्या कपड्यांवर. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, लग्नाला सहा महिने झालेले, आणि जगातलं सगळं कळत होतं. वेण्या जाऊन अंबाडा आला होता. अक्कल मागच्या एसटीनं येणार होती. ती एसटी अजून वाटेतच आहे.

रहाटणीत आमच्या दोन खोल्या होत्या. हे कंपनीत शिफ्टला जायचे, आणि धाकटे भावजी आयटीआय करून त्याच कंपनीत अप्रेंटिस होते. भावजींना रॉकचं वेड. इंग्रजी चार वाक्यं धड बोलता येत नसत, पण कॅसेटच्या आतल्या कागदावरची बारीक अक्षरं तोंडपाठ. ड्रम कोण वाजवतो, कोण कुणाशी भांडून बँड सोडून गेला, सगळं. आमच्या भावकीतली भांडणं त्यांना इतकी माहीत नव्हती. कामावरून आले की माझ्या पिठाच्या डब्यावर दोन लाटणी घेऊन सुरू. दुसरं लाटणं शेजारणीचं.

"भावजी, डब्याचं तोंड वाकडं झालं!"

"वहिनी, एवढं एक होऊ द्या, शेवट आलाच."

शेवट काही यायचा नाही.

एकदा परदेशातला कुठलासा बँड मुंबईला आला. भावजी दोन मित्रांना घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी परतले ते घसा बसलेला, चप्पल एकच, आणि अंगात काळा टी-शर्ट. त्यावर पंखवाली कवटी. मी देवासमोर हळदकुंकू वाहत होते, वळून पाहिलं तर दारात ही कवटी. म्हटलं, "भावजी, हे भूत बाहेर काढून या." ते नुसते हसत होते. आवाज नव्हता, पण हातवारे करून मला अख्खा कार्यक्रम सांगत होते. मी तांदूळ निवडत "हं, हं" करत होते. एक अक्षर ऐकलं नाही. आज कुणी सांगितलं तर मांडी घालून बसेन.

चारेक महिने तो टी-शर्ट दर रविवारी अंगावर असायचा. मग एके सकाळी भावजींनी तो स्वतः धुतला, दोरीवर घातला आणि कामावर गेले. भावजींनी आपला कपडा धुतला हे आक्रीतच होतं. शहाण्या बाईनं विचारलं असतं की आज काय विशेष. मी शहाणी नव्हते, मी फक्त वहिनी होते.

दुपारी बोहारीण आली. माझ्या दोन साड्या आणि ह्यांची एक पँट, एवढ्यावर पातेलं ठरलं. झाकण मात्र ती देईना.

"ताई, झाकण बसत न्हाई ह्यात. आजून एक कापड टाका."

"आहे कुठे आणखी?"

"त्यो काळा हाय की दोरीवर."

मी दोरीकडे पाहिलं. कवटी उलटी लोंबत होती. एकदाही मनात आलं नाही की विचारावं. ओला होता तो अजून. ओला, पिळलेला, तसाच तिच्या गाठोड्यात घातला आणि झाकण घेतलं.

संध्याकाळी भावजी आले, दोरीपाशी गेले, परत आले. "वहिनी, माझा टी-शर्ट?"

"भूत गेलं!" मी टाळी वाजवली. "आणि बघा काय देऊन गेलं." झाकण वाजवून दाखवलं.

भावजींनी एकच पोळी खाल्ली आणि बाहेर जाऊन बसले. त्या दिवसापासून पिठाचा डबा वाजला नाही. मला वाटलं, चला, पोरगं सुधारलं. घर शांत झालं म्हणून मी शेजारणीला तिचं लाटणं परत केलं, वर साखर दिली.

पुढे हा किस्सा माझा हुकमी झाला. डोहाळजेवण असो, बारसं असो, "ते बोहारणीचं सांगा ना" अशी फर्माईश व्हायची. मी बोहारणीचा आवाज काढायचे, उलटी कवटी करून दाखवायचे. भावजींच्या लग्नात त्यांच्या नवरीला हाच किस्सा सांगितला. भावजीही हसायचे. मला वाटायचं, त्यांनाही गंमत वाटते.

आता हे नाहीत, आणि भावजींची बायकोही गेली. मी लेकीकडे पिंपळे सौदागरला राहते. भावजी अजून रहाटणीतच असतात, दर रविवारी जेवायला येतात.

अशाच एका रविवारी नातीचे मित्रमैत्रिणी आले होते. दोघं अजून शिकतायत, दोघं तळवड्याला नोकरीला लागलेत. विषय काय, तर कोण कुठल्या कॉन्सर्टला गेलं होतं. एकीचा बूट चिखलात रुतून राहिला, तो तिथेच सोडून ती दुसऱ्या बुटानिशी नाचली. एकानं ड्रमरची फेकलेली काठी झेलली, ती त्यानं कपाटात शालीत गुंडाळून ठेवलीय. नात म्हणाली, "आमचे धाकटे आजोबा पण गेले होते!" झालं. भावजींनी तोंड उघडायच्या आत मी बोहारीण होऊन बसले.

पोरं हसली. पण काठीवाला मध्येच थांबला आणि भावजींकडे वळला. "आजोबा, तो टी-शर्ट परत कुठे मिळाला नाही? तुम्हाला किती वाईट वाटलं असेल."

चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी बोलायची थांबलेच नव्हते ना.

भावजी ताटातली कोशिंबीर सारखी करत म्हणाले, "माझ्या एकट्याचा नव्हता तो."

मग हळूहळू सांगितलं. मैदानाबाहेर फुटपाथवर एकच शिल्लक होता. तिघांनी मिळून घेतला. चार महिने एकानं वापरायचा, स्वतःच्या हातानं धुवायचा आणि पुढच्याला द्यायचा. तिघं मिळून बँड काढणार होते. एक गाणारा, एक गिटारवाला, आणि ड्रमवर भावजी. पहिले चार महिने भावजींचे होते. धुऊन दोरीवर घातला होता तो दुसऱ्या दिवशी गाणाऱ्याला द्यायला.

"मग काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"हरवला म्हणालो."

"खरं का नाही सांगितलं?"

"तो तडक घरी आला असता भांडायला. तुम्ही नवीन होता, वहिनी."

त्यानं विश्वास ठेवला नाही. विकला असशील, नाहीतर लपवून ठेवला असशील, म्हणाला. बोलणं तुटलं, बँड राहिलाच. गिटारवाला दोघांच्या मध्ये अडकला आणि हळूहळू दोघांकडे यायचा बंद झाला. तो मागच्या वर्षी वारला. दहाव्याला दोघंही गेले होते, घाटावर दोन टोकांना उभे होते.

मी ताक आणायच्या निमित्तानं आत गेले आणि बराच वेळ आतच राहिले.

नातीनं त्या गाणाऱ्याचा पत्ता काढला. चाकणच्या अलीकडे त्याची वेल्डिंगची शेड आहे. भावजींना न सांगता मी तिच्या स्कूटरवर मागे बसून गेले. पिशवीत झाकण. ट्रकांच्या रांगेत अर्धा जन्म गेला, उरलेला काय बोलावं हे ठरवण्यात.

शेडमध्ये पांढऱ्या मिशांचा एक माणूस खुर्चीवर बसला होता. "कोण पाहिजे, ताई?"

"तुमचा चोर आणलाय," मी म्हटलं, "काळ्या टी-शर्टचा." आणि ओळख सांगितली, मग सगळं सांगितलं. पहिल्यांदाच बोहारणीचा आवाज न काढता.

ते ऐकत राहिले. मी झाकण पुढे केलं. त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं, मग खिळा घेऊन त्यावर टण् केलं.

"आणि त्यानं तुमचं नाव नाही घेतलं? एकदाही?"

"नाही."

"गाढव," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. "एकदा बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती, म्हणून येऊन बसला. मी उठून पुढच्या स्टॉपला उतरलो. पावणेदोन कोस चालत गेलो, पण त्याच्याजवळ नाही बसलो."

"चूक माझी होती."

"तुमची एका दुपारची, वहिनी. बाकीची माझी."

त्यांनी एवढं म्हटलं, पण मला काही ते पटलं नाही. दुपार एकच होती, हसले मात्र मी चाळीस वर्षं.

निघताना हात पुढे केला तर ते झाकण देईनात. "माझे चार महिने राहिलेत ना. नंतरचे गिटारवाल्याचे होते." झाकण त्यांनी मांडीवर ठेवलं. "माझे संपले की तुमच्या भावजींना म्हणावं, येऊन घेऊन जा."

पुढच्या रविवारी भावजी जेवायला आले. पातेल्यावरची ताटली घसरली.

"झाकण कुठाय, वहिनी?"

"चाकणला. चार महिने तिथे राहणार आहे. मग तुम्ही जाऊन आणायचं."

त्यांना कळलं. त्या संध्याकाळसारखी एकच पोळी खाल्ली. पुन्हा न विचारता त्यांच्या दोरीला हात घातला होता मी.

जाताना दारात चपला घालायला वाकले आणि वर न बघताच म्हणाले, "धुऊन देईल ना तो? नियम आहे."