भिंतीवरचा वायररोप

तांड्यात कुणाच्या अंगात आलं की सगळ्या बाया गोळा होतात, आणि मी उठून भाकरी टाकायला निघून जाते. पहिल्यापासून अशीच. करणी म्हणा, हडळ म्हणा... कुणी सांगायला लागलं की मी विचारते, "तू सोता पाह्यलं का?" इथले तुम्हा लोकांचे अनुभवही फोनवर वाचते आणि खरं सांगू, मनातल्या मनात हसते. राग मानू नका. आता माझ्यावरच सांगायची पाळी आली आहे. शाळा मला झाली नाही, नवऱ्यानं ट्रकवरच्या पाट्या वाचायला लावून अक्षरं शिकवली. चुकलंमाकलं पोटात घाला.

आमचा तांडा दिग्रसहून आर्णीकडे जाताना, रस्त्यापासून बराच आत. आम्ही बंजारा, घरी गोरबोली बोलतो, इथं तुमच्यासाठी मराठीत लिहिते. आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य वाहायचे. माझ्या नवऱ्यानं जुनी जीप घेतली आणि तिच्या तोंडाला विंच बसवली. विंच म्हणजे मोटरवर फिरणारं मोठं रीळ, त्याला लोखंडी तारेचा दोर — वायररोप — गुंडाळलेला. फसलेली गाडी त्यानं ओढून काढायची. आमची काळी माती ओली झाली की कापसानं भरलेली ट्रॉली अर्धी गिळून टाकते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता.

नवरा विंचचं बटण धरायचा. धाकटा दीर उत्तम फसलेल्या गाडीच्या मागं जायचा आणि गाडी वर सरकेल तसा चाकामागं दगड लावायचा. मी जीपमध्ये ब्रेकवर पाय देऊन. वायररोप इतका जड की तो चिखलातून ओढत न्यायला दुसरं माणूस लागायचंच... ते माणूस मी. मग त्याच्या मधोमध ओला बारदाना टाकायचा, म्हणजे तुटलाच तर उसळून कुणाला लागू नये.

आणि ताण आला की तो वाजायचा, बरं का. आधी जाड, गुरगुरल्यासारखा. ताण वाढला की आवाज बारीक होत, चढत जायचा. नवरा म्हणायचा, "बारीक झाला की सोडून द्यायचं. गाडी कोणाची का असेना." तो आवाज मला झोपेतही ओळखू येईल.

नवरा गेला. मला लेकरू नाही. उत्तमला मीच मोठा केला, तेव्हा माझं म्हणायला तो एकटाच. आम्ही दोघं मिळून काम चालवत राहिलो, बटण फसलेल्या गाडीवाल्याच्या हाती देऊन.

मग बोंडअळीचं वर्ष आलं. फुटलेल्या बोंडात कापसाऐवजी अळीच. दिवाळी झाली आणि तांडाच्या तांडा ऊसतोडीला गेला. उत्तमची बायकोही पोरं घेऊन तिच्या भावाच्या टोळीत गेली. दाराला कुलपं. मागं राहिलो आम्ही दोघं आणि थोडी म्हातारी माणसं.

वायररोप तोवर खराब झाला होता. तुटलेल्या तारांची कुसळं बाहेर आलेली, आणि ती उत्तमच्या तळहातात घुसायची. भाकरी मोडताना त्याचे हात दिसायचे मला. शेवटी नागपूरला दुकानात गेलो. दुकानदारानं दोन दोर पुढं ठेवले. एक तारेचा, एक निळा, सिंथेटिक. निळा लुगड्याच्या घडीसारखा हलका. दुकानदार म्हणाला, हा हाताला लागत नाही, तुटला तरी तारेसारखा उसळत नाही. मात्र ऊन आणि रेती याला सोसत नाही, धुऊन ठेवावा लागतो.

उत्तम म्हणाला, "भाभी, दादानं तार सोडून काही लावलं नाही. तूच सांग."

मी त्याच्या हाताकडे पाहिलं आणि म्हटलं, निळा दे.

परत येताना तो भलता खूश होता. "आता मी एकटाच ओढून नेतो. तुले चिखलात यायचं काम नाही, भाभी. घरी आराम कर."

प्रेमानंच बोलला तो. पण आराम कसा करतात ते मला कुणी शिकवलं नव्हतं. जुना वायररोप मी ग्रीस लावून, वेटोळं करून सपरीत, दारापुढच्या पत्र्याच्या पडवीत, भिंतीच्या खुंटीला टांगला. उत्तम जीप घेऊन गेला की मी आणि ते वेटोळं.

अवकाळी पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. नाल्यात ट्रॉली फसली म्हणून उत्तम जेवून गेला. मी सपरीत तूर निवडत बसले. भर दुपार. आणि गुरगुर ऐकू आली. वाटलं, पिठाची गिरणी... पण गिरणीवालाही ऊसतोडीला गेलेला. भुंगा असेल म्हणून वर पाहिलं, तर वेटोळं थरथरत होतं. वारा नव्हता, पत्राही हलत नव्हता. उठून हात लावला. सैल टांगलेले ते वेढे ताठ झाले होते, खालून कुणी जोरानं ओढावं तसे. खाली तर काहीच नव्हतं. आणि आवाज बारीक व्हायला लागला.

तुरीच्या सुपावर पाय देऊनच मी फोनकडे धावले. काम चालू असताना मी कधी फोन करत नाही, म्हणूनच त्यानं उचलला असेल.

"उत्तम, कुठं हाय तू?"

"ट्रॉलीच्या मागं. काहून?"

"वर ये. आधी वर ये."

"काय झालं भाभी? आवाज तुटून राह्यला, थांब..."

जीपमध्ये बसून बटण धरणाऱ्या ट्रॉलीवाल्याला त्यानं थांबायला सांगितलं, ते मला ऐकू आलं. मग नीट ऐकू यावं म्हणून तो काठ चढत होता, धाप ऐकू येत होती. मी नुसतं ये, ये म्हणत होते. तेवढ्यात फोनमध्ये दाणकन आवाज झाला, आणि माझ्यामागचा भिंतीवरचा आवाज बंद पडला.

मग उत्तम म्हणाला, "दोर तुटला, भाभी. ट्रॉली खाली गेली. आत्ता मी तिथंच उभा होतो."

दोर का तुटला ते मेकॅनिकनं सांगितलं. विंचच्या तोंडाशी जे रोलर असतात त्यांच्यावर तारेनं वर्षानुवर्षं चरे पाडले होते, आणि त्या चऱ्यांनी निळा दोर सुरीसारखा कापला. दोर बदलला की रोलरही बदलायचे असतात, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. तेवढं समजलं. पण भिंतीवरची तार का वाजली? तुम्ही म्हणाल, नवरा आला असेल. तो आला असता तर मी ओळखला असता हो... तो मला नावानं हाक मारायचा. हा नुसता तारेचा आवाज होता. मला याचा उलगडा झालेला नाही.

पुढं उत्तमनं विचारलं, "जुनाच चढवू का परत? तुले संगं यावं लागन मंग."

जिवावर आलं होतं नाही म्हणणं. पण त्याचे तळहात भरून आले होते. म्हटलं, निळाच आण, आणि रोलर बदल.

तेव्हापासून तार एकदाही वाजली नाही. वाजत नाही म्हणजे तो बरा आहे, असं मी स्वतःला सांगते. दुपारी तांड्यात कावळाही बोलत नाही, तेव्हा उठून तिला हात लावून पाहते. गार असते.