वाकलेले खांदे

शाळेच्या गणवेशाचं माप द्यायला आमच्या शिवणाच्या दुकानात आलेली मुलगी खांदे पुढे ओढून उभी होती. आई म्हणाली, "अगं, नीट उभी राहा की! म्हातारीसारखी काय वाकतेस?" मुलगी आणखीच वाकली. आई फोन घ्यायला बाहेर गेली, तशी ती पुटपुटली, "ताई, छातीत सैल ठेवा ना. वर्गातली मुलं बघतात."

त्या वयात मीही अशीच चालायचे. सातवीत शाळा सुटली आणि नांदेडकडून मी पुण्यात आले. दुकानाच्या मालकीणबाईंनी, म्हणजे मावशींनी, मला ठेवून घेतलं, शिवण शिकवलं. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. म्हणूनच की काय, अंगात होणाऱ्या बदलांबद्दल त्यांना काही विचारायची भीती वाटायची. अंग पुढे निघून जातं, मन मागेच राहतं, आणि मधल्या त्या जागेत माणूस अगदी एकटा असतो.

"ठेवते सैल," मी म्हटलं. "मीपण माझे कपडे तसेच शिवायचे."

"खरंच?" ती हसली. तिचे खांदे आपोआप मागे गेले. आई आत यायच्या आधी मी पटकन माप घेतलं.

त्या गेल्यावर मावशींनी विचारलं, "का गं, आज गप्प?"

"काही नाही," मी म्हटलं आणि मशीन सुरू केलं.