नंबर वखारीचा, कॉल आईचा

माझा भाचा कॉम्प्युटरच्या कामात आहे. मला शिकवायला बसतो, "आत्या, प्रत्येक यंत्राला आपला नंबर असतो. मधली यंत्रं तो नंबर बघून निरोप पुढं ढकलतात, थेट दारापर्यंत." म्हटलं, अरे बाबा, ते मधलं यंत्र मीच होते की! सत्तरच्या दशकात निपाणीच्या टेलिफोन एक्स्चेंजात बसून दुसरं काय केलं मी? बाहेरगावचा कॉल आला की हव्या त्या नंबराच्या भोकात कॉर्ड खुपसायची आणि घंटा द्यायची. पण दारापासून माणसापर्यंत केवढं अंतर असतं, ते मला विचारा.

त्या दुपारी मुंबईहून पी.पी. कॉल आला. म्हणजे नंबर सांगायचा, आणि तिथं कुणाला बोलवायचं त्याचं नावही सांगायचं. नंबर तंबाखूच्या वखारीचा होता. नाव माझ्या आईचं. ती तिथं तंबाखू निवडायला जायची. कॉल करणारा माझा धाकटा भाऊ. संध्याकाळच्या विमानानं आखातात निघालेला, दोन वर्षांसाठी. जाण्याआधी आईचा आवाज ऐकायचा होता त्याला, एवढंच.

फोन वखारीच्या दिवाणजींनी उचलला. "कामावरच्या बायकांना फोनवर बोलवत न्हाईत," म्हणाले आणि ठेवला.

खरं कारण मला ठाऊक होतं. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांनी ऑफिसचा उंबरा ओलांडायचा नाही. पाणीसुद्धा पायरीखाली उभं राहून ओंजळीनं प्यायचं. माझं डोकंच सणकलं. परत घंटा दिली.

"अगं, तू तिचीच पोरगी न्हवं? सांग की घरी गेल्यावर निरोप!"

"निरोप न्हाय दिवाणजी, कॉल हाय. आन् त्यो माझा न्हाय, आईचा हाय."

त्यांनी आपटला. मी परत घंटा दिली. शेजारची ऑपरेटर माझा दंड धरून म्हणाली, "सोड की गं, नोकरी जाईल." गेली तर गेली! घंटा कुणाच्या बापाची नव्हती. मी वाजवत राहिले.

वखारीच्या मालकाचा, शेठचा, गुंटूरचा कॉल यायचा होता, तंबाखूच्या भावाचा, आणि लाइन मी अडवून बसलेली. शेवटी शेठच फोनवर आले. "माझा कॉल कुठं हाय?"

"ह्याच्या मागं. आधी लागलाय त्यो आधी."

शेठ कुणावर तरी खेकसले. मग बराच वेळ नुसती खरखर. "ठेवू नकोस रं," मी भावाला सांगत होते. मग पावलं वाजली, आणि तंबाखूच्या धुळीनं जडलेला तो ओळखीचा खोकला आला.

"आई? कुठनं बोलतीस?" भाऊ रडायलाच लागला.

आईनं जन्मात पहिल्यांदा फोन धरला होता. अख्ख्या वखारीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आपिसातनं. शेठच्या टेबलाजवळ हुबी हाय. तू निवांत बोल."