नाल्यावरची काच

त्या वर्षी अमरावतीत जो तो कापसाचंच बोलत होता. आमच्या घरामागून कापसाच्या बंड्या जात आणि वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकून राहत. बाबा कचेरीत कारकून होते. विलायतेला परतणाऱ्या एका साहेबाने आपली भिंगाची, चित्रं काढायची पेटी त्यांना देऊन टाकली होती. सुटीच्या दिवशी ती घेऊन ते गावाबाहेरच्या नाल्यावर जात, आणि बरोबर मी. पेटीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक मडमेच्या शाळेत शिकलेल्या मलाच वाचता येई. बाबांचं इंग्रजी कचेरीपुरतं होतं.

काचेवर चिकट औषध ओतायचं, काळ्या राहुटीत ती चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली असतानाच पेटीत घालायची. धुतल्यावर मागे काळं कापड धरलं की चित्र दिसे. त्या पाण्याने माझी बोटं काळी पडत. शेजारच्या काकू म्हणत, "पोरीचे बोटं काहून असे काळे हो? पाहुणे पाहायले आले तं काय दाखवान?" मी हात पाठीमागे घेई.

जागा एकच. श्रावणात नाला भरून वाहे, आणि वाहतं पाणी काचेवर धुरासारखं उतरे. कार्तिकात तो निवळला की पळसांखालून गेलेली पायवाट लख्ख येई. फाल्गुनात पळस फुले, पण तो लाल रंग काचेवर काळाच. वैशाखात तर औषध ओतता ओतता वाळून जाई. काचा मोजक्याच होत्या, म्हणून बाबा जुनं चित्र पुसून त्याच काचेवर नवं काढत.

संक्रांतीला ताई अकोल्याहून माहेरी आली आणि आमच्याबरोबर नाल्यावर आली.

"बाबा, झाडंच झाडं काढता. तुमच्या चित्रात माणूस काहून नसते?"

"माणूस हालते."

"मी नाही हालत. लावता पैज?" ती वाटेवरच्या सपाट दगडावर जाऊन उभी राहिली. "श्वास तरी घेऊ का, का तोही अकोल्यालेच ठेवून येऊ?"

बाबांनी भिंगावरचं झाकण काढलं, आणि ती खरंच हलली नाही. हसू दाबल्यामुळे तिची हनुवटी जराशी वर आली होती. ती तशीच काचेवर उतरली. कोपऱ्याचा टवका उडालेली ती एवढी काच बाबांनी पुन्हा पुसली नाही.

वैशाखात अकोल्यात पटकीची साथ आली. निरोप आमच्यापर्यंत पोचला तेव्हा ताईचं सगळं आटोपलं होतं. बाबांनी काच देवळीत ठेवली. दुपारी घर निजलं की मी तिच्यामागे काळं कापड धरून बसत असे. ताईचा चेहरा दुसरीकडे कुठेच नव्हता.

ज्येष्ठात भाऊजींचं दुसरं लग्न ठरलं. दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, अशी आमच्याकडची रीत: चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर उठवलेली बाई. टाकावरच्या सगळ्या बाया सारख्याच दिसतात. म्हणून ताईच्या सासूबाई मुद्दाम आल्या.

"व्याहीबुवा, ते काच द्या. सोनार पाहून पाहून तिचाच चेहरा उठवीन."

बाबांनी काच ताईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली. "सांभाळून न्या. वर चांदी आहे. नख लागलं तरी निघते."

"परत द्याल ना?" मी विचारलं.

"मंग काय बाई, खातो का काच आमी?"

लग्नानंतर त्या स्वतःच काच परत घेऊन आल्या. मी तुकडा सोडला. काचेतून पलीकडचा माझा हात दिसत होता.

"तुमीच तं म्हणाले होते, वर चांदी आहे म्हणून," त्या बाबांना म्हणाल्या. "मंग बाजारची चांदी काहून घ्यायची? सोनाराकडून सगळी खरवडून घेतली अन् टाकात घातली. आता सुनेच्या गळ्यात तिचीच चांदी राहीन." त्यांचे डोळे भरून आले होते. बाबांनी त्यांना पाणी दिलं.

पहिलीचं माहेर तेच दुसरीचं माहेर, हीही रीतच. महालक्ष्म्यांच्या सणाला भाऊजींची नवी बायको आमच्याकडे आली. माझ्याच वयाची होती. तिच्या गळ्यातल्या टाकावर ओठांच्या जागी एक रेघ, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके.

"त्या कशा दिसत होत्या?" तिने मला विचारलं. मला सांगता येईना. मी तिला नाल्यावर नेलं आणि तो दगड दाखवला. मागून बाबा पेटी घेऊन आले. त्यांनी बाहेर काढलेली काच मी कोपऱ्याच्या टवक्यावरून ओळखली; ती ताईचीच.

"श्वास घेऊ ना?" दगडावरून तिने विचारलं. बाबा पेटीवर वाकले. मी मानेनेच हो म्हटलं.

काच धुऊन मी मागे कापड धरलं. पाणी धुरासारखं, वाट स्पष्ट, तिचा चेहरा स्पष्ट. टाक मात्र श्वासाबरोबर हलला होता. गळ्याशी नुसता पांढरा डाग आला होता.

निघताना बाबांनी ती काच तिच्यापुढे केली. तिने हात लावला नाही.

"इथंच राहू द्या, बाबा. तिकडं नेली अन् उद्या मी गेली, तं मलेही खरवडतीन."

बाबांनी काच देवळीत ठेवली. त्यानंतर त्यांच्याने कुठलीच काच पुसवेना. दिवाळीपर्यंत उरलेल्या काचा भरल्या आणि आमचं नाल्यावर जाणं थांबलं. माझी बोटंही हळूहळू स्वच्छ झाली.